भाडेकरू आहे म्हणून सांग

४ जानेवारी

आज एक माणूस समोरच्या फुटपाथवर उभा राहून आपल्या घराचे फोटो काढत होता. मी आत रंग लावत होते. घराला नव्हे, कोपऱ्यावरच्या शाळेतल्या बाईंच्या केसांना. खिडकीतून दिसला. आमचं घर काही राजवाडा नाही. खाली पुढच्या बाजूला माझं पार्लर, मागे माझी खोली आणि स्वयंपाकघर, वर धाकटी आणि तिचा नवरा. पण मागच्या वर्षी मी दर्शनी भिंतीला पिवळा रंग लावून घेतला तेव्हापासून लोक वळून बघतात, त्यामुळे आधी बरंच वाटलं. मग त्यानं विजेच्या मीटरचा फोटो काढला. मीटरचं कौतुक कुणाला असतं?

ब्रश हातात तसाच घेऊन बाहेर गेले. विचारलं, काय हवंय. "काही नाही बाई, झालंच माझं," म्हणाला. कुणाचं काम, तर "ऑफिसचं". स्कूटरला किक मारून गेला. पन्नाशीचा असेल. एका कानावरचे केस लांब वाढवून टकलावरून दुसऱ्या कानाकडे नेलेले. अशा माणसांचा मला राग येत नाही. काहीतरी लपवायचंय हे ते निदान उघडपणे दाखवतात.

या सगळ्यात शाळेतल्या बाईंना रंग जरा जास्तच चढला. बिचाऱ्या तरी पैसे पुरते देऊन गेल्या.

संध्याकाळी धाकटीला फोन केला. मेहुण्यांची बदली झाल्यापासून दोघं तिकडे भाड्याच्या जागेत राहतात आणि पंधरा दिवसांनी शनिवारी इकडे येतात. ती म्हणाली, "विमेवाला असेल, ताई. घराचा विमा असतो ना, त्याची पाहणी असते. तू कशाला डोकं लावतेस?"

बरं. नाही लावत.

१० जानेवारी

दोघं आली. धाकटी दारातून आत आल्याबरोबर मी तिला वळवून मान बघितली. सवयच आहे. लहानपणी खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तिला बसवायची आणि केस कापायची. आई गेल्यावर तिच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. आज लागलेला दिसला. मी मानेवर केस निमुळते सोडते. हे पट्टी ठेवून कापल्यासारखे सरळ, आणि डावीकडे किंचित वर गेलेले.

"ऑफिसात सगळ्याजणी एका ठिकाणी जातात, मी पण बसले," म्हणाली. त्यात एवढं काय, असंही म्हणाली. खरंच एवढं काही नाही. तरी मला लागलं. लिहायला लाज वाटते, पण लागलं.

नेहमीप्रमाणे घराच्या हप्त्यातल्या माझ्या वाट्याचं पाकीट तिच्या हातात दिलं. कर्ज तिच्या नावावर, घरही कागदावर तिच्याच नावावर, कारण माझा धंदा रोखीचा आणि बँकेला रोखीचा भरवसा नाही. घर घेताना ती म्हणाली होती, "कागद माझा, घर आपलं." मी म्हणाले होते, "कागदाला काय चाटायचंय?" त्यावर दोघी हसलो होतो.

जाताना गाडीत तिच्या खोलीतलं आरशाचं कपाट घातलं. मागच्या वेळी पंखा आणि दोन खुर्च्या गेल्या होत्या. भाड्याच्या जागेत काही नाही म्हणे. जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं, ते मीच तिरकं करून काढून दिलं. मेहुणेबुवांना अशा कामात गती नाही.

१९ जानेवारी

छपराची पन्हळ बदलून घेतली. मिस्त्रीनं विचारलं, मालक कोण, पावती कुणाच्या नावानं करू? मी म्हणाले, पैसे देतेय तिच्या नावानं कर. तो हसला, आणि शेवटी पावती केलीच नाही.

२ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. तो विमेवाला या आठवड्यात दारात येऊन चौकशी करणार आहे. "ताई, तू भाडेकरू आहेस म्हणून सांग. वर घरमालकीण, खाली भाडेकरू, असं असलं की विम्याचा हप्ता कमी बसतो."

"आणि खोटं पकडलं तर?"

"कोण पकडतंय? तुला विचारणार, तू सांगणार, तो लिहून घेणार. तेवढंच तर काम असतं त्यांचं."

मला आधी पटलं नाही. स्वतःच्या घरात स्वतःला भाडेकरू म्हणायचं म्हणजे काय. पण शाळेत नाटकात मला कधी घेतलं नव्हतं, ती हौस राहून गेली होती. आरशासमोर उभी राहून दोनदा म्हणून बघितलं. जमतंय.

५ फेब्रुवारी

आला. मी अशी काही भाडेकरू वठवली की विचारू नका.

आधी त्यानं बाहेरचे फोटो काढले, टपालाची पेटी उघडून बघितली, मागच्या दोरीवरचे कपडेसुद्धा बघितले. मग दारात येऊन फोन पुढे धरला आणि म्हणाला, बोलणं त्यात नोंदलं जाईल, चालेल ना? म्हटलं चालेल. कोण राहतं? मी. मालकीण का? छे, भाडेकरू. भाडं कुणाला देता? वरच्या बाईंना, महिन्याच्या महिन्याला, रोख, हातात. हे तर अगदी खऱ्यासारखं आलं, कारण देतेच की मी. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण अंगात आलं होतं. म्हणाले, "मालकीणबाई जरा खडूसच आहेत. भिंतीला एक खिळा मारू देत नाहीत." तो म्हणाला, "सगळीकडे तसंच असतं हो," आणि माझ्याकडे जरा दयेनं बघून गेला. चहा विचारला तर नको म्हणाला. कुणाकडे काही घ्यायचं नाही असा नियम आहे त्यांचा.

धाकटीला सगळं जसंच्या तसं ऐकवलं. खडूस मालकिणीवर ती पोट धरून हसेल असं वाटलं होतं. हसली, पण उशिरा. "भाडं रोख देते असं म्हणालीस? त्याच्या फोनमध्ये आहे ते?" म्हटलं हो. मग म्हणाली, "ताई, तुझ्यासारखी तूच."

२१ फेब्रुवारी

शनिवार असून आली नाहीत. कामं आहेत.

वर झाडांना पाणी घालायला गेले. झाडं आहेत, पण खोलीत आता पलंगाच्या पायांच्या खुणाच तेवढ्या उरल्यात. पडदेही नेलेत. धुवायला नेले असतील. रस्त्यावरून खिडक्या भुंड्या दिसतात, म्हणून माझे जुने पडदे काढून वर लावले. आखूड पडतात, पण खालून कुणाला कळतंय?

खोलीत बोललं की आवाज घुमतो. झाडांशी बोलत होते तेव्हा लक्षात आलं.

१ मार्च

पाकीट घ्यायला मेहुणेबुवा एकटे आले. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. खिडकीतूनच हात बाहेर काढला. मी म्हटलं, "जावईबापू, घर विसरलात की काय?" तर म्हणाले, घाई आहे. एरवी हा माणूस चहा घेतल्याशिवाय चप्पल घालत नाही. भांडण तर झालं नसेल दोघांचं? धाकटीचा स्वभाव हट्टी आहे, तो मीच लाडानं केलाय.

दुपारी तिचा फोन आला आणि माझा जीव भांड्यात पडला. भांडण वगैरे काही नाही. उलट म्हणते, "ताई, किती वर्षांत सुट्टी घेतली नाहीस. पाच तारखेला ये, चांगले आठ दिवस राहा. आमचं घर तरी बघ." भाड्याच्या जागेलाही ती आमचं घर म्हणते. माणूस जिथे राहतो तिथे जीव लावतो, दुसरं काय.

पार्लरच्या दारावर पाटी लावायची: आठ दिवस बंद. धंद्यात असं पहिल्यांदाच.

५ मार्च

गेले नाही.

जमेल तसं लिहिते. सकाळी बॅग दारात ठेवून मी भिंत रंगवणाऱ्याला सांगत होते की परत आले की मागची भिंत करून घेऊ, पुढच्यासारखाच पिवळा. तो निघाला आणि त्याच्या मागेच फोटोवाला उभा. त्यानं बॅग बघितली, पाटी वाचली.

"जागा सोडताय?"

"नाही हो, बहिणीकडे चाललेय."

"भिंतीचा खर्च मालकीण देणार का?"

"मीच देणार. मागच्या वर्षी पुढच्या भिंतीचाही मीच दिला, पन्हळीचाही."

"भाडेकरू असून?"

म्हटलं, आता विम्याचं काय ते ठरलं असेल, या गरीब माणसाला किती दिवस फसवायचं. हसत हसत सांगितलं की मी कसली भाडेकरू, घर आम्हां बहिणींचं आहे, हप्ते दोघींचे. विमा स्वस्त पडतो म्हणून धाकटीनं तसं सांगायला लावलं. आणि त्या खडूस मालकीणबाई म्हणजे तीच बरं का.

तो हसला नाही. पायरीवर बसला. कधी बसत नाही. खूप वेळ टाचेनं माती उकरत होता.

"बाई, मी विम्याचा माणूस नाही."

"मग?"

"कुणाचा ते मला कर्जदाराशिवाय कुणाला सांगता येत नाही. एवढंच सांगतो, विमेवाले दर महिन्याला घर बघायला येत नाहीत. हप्ते थकले की आम्ही येतो. घरात माणूस आहे की नाही, आहे तर कोण आहे, ते बघायला."

म्हटलं, हप्ते थकतील कसे? मी दर महिन्याला पाकीट देते. बॅगेकडे बोट दाखवून म्हणाला, "वर कुणी राहत नाही हे मागेच लिहिलंय मी. आज खालीही कुलूप दिसलं असतं तर घर रिकामं असं लिहावं लागलं असतं. रिकाम्या घराची कुलपं बदलतात." मग उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "मी काही बोललो नाही."

तो गेल्यावर धाकटीला फोन केला. सांगितलं, एका गिऱ्हाइकाच्या घरी लग्न आहे, तिला सजवायचंय, येत नाही. बहीण काय म्हणाली असती? बरं, पुढच्या आठवड्यात ये, असं. ती म्हणाली, "ताई, आजच निघ. दुपारी तरी निघ. काय अडलंय तुझं तिथे?" ती ओरडत होती. तिथेच मला कळलं.

६ मार्च

केसानं गळा कापणे ही म्हण मला नेहमी आमच्या धंद्यातल्या कुणीतरी केली असेल असं वाटायचं. आता वाटतं, केस कापून घेणाऱ्यानं केली असेल.

मला फसवलं याचं दुःख आहेच. पण ते माझ्याकडूनच करून घेतलं. कपाट मी तिरकं करून दिलं. पडदे मी लावले. भाडं रोख देते हे मी माझ्या तोंडानं, हावभाव करून सांगितलं आणि वर स्वतःचं कौतुक केलं. आज दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. अशा दिवशी कात्री धरू नये.

९ मार्च

वकीलबाई महिन्याला केस कापायला येतात. आज खुर्चीत बसल्या तेव्हा सगळं सांगून टाकलं. आरशातून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कागद त्यांचा, पैसे रोख, आणि ते भाडं होतं असं तुम्हीच बोललात. छान."

मी म्हटलं, काहीच नाही का होणार?

"होईल. पण दोन गोष्टी. घर सोडायचं नाही, एक रात्रसुद्धा नाही. आणि तो माणूस परत आला की त्याच्याच फोनमध्ये खरं ते सांगायचं, सगळं. घरावर भांडण आहे हे नोंदलं गेलं की बँकही सांभाळून पाऊल टाकते आणि घर विकत घेणारा कुणी असला तर तोही. त्या दिवशी मला बोलवा."

केसांचे पैसे घेतले नाहीत. त्यांनीही सल्ल्याचे घेतले नाहीत.

१४ मार्च

धाकटी एकटी आली. मी दार उघडलं तशी स्वयंपाकघरात जाऊन तिनं स्वतःच चहा टाकला. मी बघत राहिले. साखर कुठे असते हे अजून तिला न बघता सापडतं.

लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे ती सरळच बोलली. तिकडे घर घेतलंय, दोघांच्या नावावर. दोन घरांचे हप्ते झेपेनात, म्हणून इकडचे सोडले. या घराला गिऱ्हाईक आहे. बँकेचं देऊन वर थोडं उरतं. भाडेकरू असला तर नोटीस देऊन उठवता येतो. भागीदार निघाली तर गिऱ्हाईक पळतं.

"आणि मी कुठे जायचं?"

"तुला खोली ठेवलीय ना तिकडे. मागच्या बाजूची."

"आणि पार्लर?"

"ताई, किती दिवस लोकांचे केस कापणार आहेस?"

"माझी पाकिटं कुठे गेली ते सांग."

ती कप विसळत होती. माझ्याकडे पाठ होती. म्हणाली, "इतकी वर्षं इथे राहिलीस की तू. भाडं समज. तूच सांगितलंस ना त्या माणसाला."

मी तिला मारलं असतं. लहानपणी कधी मारलं नाही, ते राहून गेलं. पण मी नुसती उभी राहिले आणि तिच्या मानेकडे बघत राहिले. केस वाढले होते, डावी बाजू आणखीनच वाकडी दिसत होती. हे असलं मला अशा वेळी दिसतं.

जाताना म्हणाली, चार एप्रिलला तो माणूस येणार आहे, तेव्हा मीही असेन. मागे सांगितलंस तेच सांग. नाही सांगितलंस तर आम्ही बुडतो, ताई. शेवटचं वाक्य म्हणताना रडली. रडणं खरं होतं. तिचं खोटं रडणं मला ओळखता येतं.

२३ मार्च

मनात येतं, द्यावं सोडून. एका माणसाला किती जागा लागते? ती बुडाली तर मी काय जिंकणार? आई असती तर म्हणाली असती, तू मोठी आहेस, तू समजून घे. मी जन्मभर मोठीच आहे.

मग मागची भिंत बघते. रंगवणारा दोनदा विचारून गेला. त्याला हो म्हणू की नाही, एवढंसुद्धा मला सांगता येत नाही. ज्या घरात आपल्याला एवढं ठरवता येत नाही तिथे आपण भाडेकरूच असतो.

२७ मार्च

रंगवणाऱ्याला हो म्हटलं.

४ एप्रिल

वकीलबाई आधीच येऊन खुर्चीत बसल्या होत्या. नुसतंच बसलेलं बरं दिसत नाही म्हणून मी त्यांचे केस ओले करून ठेवले होते. धाकटी आणि मेहुणे आले, ते उभेच राहिले. त्यानंतर फोटोवाला. त्यानं कुणाकडे फारसं बघितलं नाही. बाहेरचे फोटो काढले, मागच्या ओल्या पिवळ्या भिंतीचाही काढला, मग आत येऊन फोन पुढे धरला.

धाकटीच आधी बोलली. "घर माझं आहे. या आमच्या भाडेकरू. मागे त्यांनीच सांगितलंय तुम्हाला."

या. त्यांनी. जन्मापासून अगं ताई म्हणणारी मुलगी. मला वाटत होतं तिचा आवाज तरी अडखळेल. नाही अडखळला.

"बाई, तुम्ही बोला," तो म्हणाला.

मी बोलले. मागे सांगितलं ते खोटं होतं, ते कुणी सांगायला लावलं, हप्ते कसे दिले, भिंत, पन्हळ, सगळं. मी हे घर सोडणार नाही, हेही. मेहुणे मध्येच काही म्हणायला लागले, तर वकीलबाई ओल्या केसांनी म्हणाल्या, "त्यांना पुरतं बोलू द्या."

त्यानं शेवटचं विचारलं, "आणि या तुमच्या कोण?"

मी धाकटीकडे बघितलं. आदल्या दिवशीच कापून आली होती. मान परत पट्टी लावल्यासारखी.

"कुणी नाही," मी म्हणाले. "जुनं गिऱ्हाईक. आता दुसरीकडे जातं."

तिचा हात मानेकडे गेला. मग ती वळली आणि चालू लागली. मेहुणे मागोमाग. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

माझं समाधान फार टिकलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "सगळं चांगलं बोललात, पण ते शेवटचं नको होतं. बहीण आहे म्हणूनच तर हातात पाकिटं दिलीत. तेच आपलं बळ आहे. नोंदीत बहीणच पाहिजे." फोटोवाला म्हणाला, नियमात बसत नाही, पण तेवढं पुन्हा घेतो.

फोन परत पुढे आला. एवढंच म्हणायचं होतं, ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे. पहिल्यांदा तोंड उघडलं तर आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा निम्म्यावर अडले. तो म्हणाला, सावकाश बोला बाई, मला घाई नाही. तिसऱ्यांदा जमलं.

भाडेकरू आहे हे मी एका दमात बोलले होते.

तो गेला. मग वकीलबाईंचे केस कापायला घेतले. तोवर ते वाळून गेले होते, पुन्हा ओले करावे लागले.